तिसरा बाटला

पितृपक्षातल्या म्हाळाच्या दिवशी कौसल्येच्या घरात आधी काळ्या वाटाण्यांचा वास जागा व्हायचा, मग माणसं. या वर्षी माणसं आधीच जागी होती. वाटाणे पाण्यात फुगत पडले होते आणि त्यांच्या शेजारी, मोरीच्या अंगाला, जुन्या चादरीखाली गॅसचे तीन लाल बाटले उभे होते. तोंडावर पांघरूण ओढून कुणी जागंच पडून राहावं, तसे.

"आई, ती चादर काढ," आकांक्षा म्हणाली. "उगाच लपवल्यासारखं दिसतंय."

"लपवलेलेच आहेत ते."

"म्हणून तर काढ."

कौसल्येने चादर काढली, घडी घातली, ठेवायला जागा सापडेना म्हणून खांद्यावर टाकली आणि वड्यांचं पीठ मळायला बसली. हात मळत होते, कान जिन्याकडे होते. कालपासून तिचे कान जिन्यातच राहायला गेले होते.

डिलाईल रोडच्या या चाळीत रमाबाईंनी, तिच्या सासूने, खानावळ घातली तेव्हा गिरण्या चालू होत्या. जेवायला येणारे गिरणीवाले आपापली रेशनकार्डं बाईंच्या हवाली करायचे. कार्डावरचं रॉकेल बाईंचं, बाईंच्या हातचा भात त्यांचा. कुणी कुणाला काही लिहून दिलं नाही, कुणी कुणाला बुडवलं नाही. रमाबाई जात्यापुढे कधी बसल्या नाहीत, पण स्टोव्हला पंप मारता मारता ओवी म्हणायच्या.

भोंगा झाला गिरणीचा, भाता आली उकळी
आईवेगळी लेकरं, दारी बसली मोकळी
कुणाच्या गं वाट्याचं तेल जळे माझ्या चुली
कुणाच्या गं नशिबाची पोळी फुगे हाताखाली

गिरण्या गेल्या, रमाबाई गेल्या, कौसल्येचा नवरा शिवा गेला. रीत मात्र राहिली. रॉकेलच्या जागी गॅस आला, एवढाच फरक. तीन बाटल्यांतले दोन कौसल्येच्या नावावरचे. तिसरा खालच्या मजल्यावरच्या बाबुरावांचा. बाबुराव जुने गिरणी कामगार, बायको गेल्यापासून एकटे. त्यांच्या नावावरचा बाटला कौसल्या स्वतःचे पैसे भरून घ्यायची आणि बाबुरावांना दोन्ही वेळचा डबा खाली जायचा. घरगुती बाटल्यावर धंद्याचं जेवण रांधायचं नाही, धंद्याचा बाटला निळा असतो आणि महाग असतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या मूठभर डब्यांना निळा बाटला परवडत नाही, हेही तिला तेवढंच ठाऊक होतं.

आणि मग गॅस उतरला. घरगुती बाटल्यामागे दोनशे रुपये. टीव्हीवर दिवसभर तेच. संध्याकाळी तिचा डबा घेणारी लोअर परळच्या टॉवरमधली पोरं म्हणाली, "मावशी, गॅस उतरला ना, मग डब्याचं काय?" तिने डब्यामागे थोडे कमी केले. त्याच आठवड्यात तूरडाळ चढली होती, पण डाळ काही टीव्हीवर दिसत नव्हती.

दोन दिवसांनी थोरले दीर आनंदा आले. सोबत त्यांच्या पक्षाची पोरं आणि काठीला लावलेला फोन. एका पोराने तिच्या तोंडासमोर फोन धरून विचारलं, "वहिनी, गॅस स्वस्त झाला, कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बरं वाटतंय." खरंच बरं वाटलं होतं. काही उतरलं की बायकांना बरंच वाटतं. त्या बऱ्या वाटणाऱ्या चेहऱ्यामागे, भाताच्या टोपांच्या आणि डब्यांच्या रांगेमागे, तीन लाल बाटले ओळीत उभे होते. तिकडे ना तिचं लक्ष गेलं, ना आनंदांचं.

लक्ष गेलं ते धाकट्या दिराचं, दीपकचं. ज्या शाखेच्या ओट्यावर दोघं भाऊ कॅरम खेळत मोठे झाले ती शाखा मागल्या वर्षी फुटली, तेव्हा एक भाऊ इकडे गेला, एक तिकडे. दीपकने तो व्हिडिओ आपल्या बाजूच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'गॅस एवढा स्वस्त, तर एका घरात तीन-तीन बाटले कशाला? ब्लॅकला?' पोरांनी तो पुढे ढकलला. पुढच्यांनी आणखी पुढे. काल एजन्सीचा गाडीवाला दारात येऊन हळूच सांगून गेला, "उद्या तपासणीला येणारेत, काकी. तुमचं कनेक्शन बंद करतील. आणि ज्याचा ज्याचा बाटला सापडेल त्याचंही. मी सांगितलं म्हणू नका."

ज्याचा ज्याचा. कौसल्येला रात्रभर तोच शब्द टोचत होता. स्वतःचं कनेक्शन गेलं तर गेलं. पण ऐंशीला टेकलेल्या त्या माणसाने तिच्यावर विश्वासाने टाकलेला बाटला?

* * *

दीपकने टॅक्सी नाक्यावर लावली आणि चावी काढून तसाच बसून राहिला. शेजारी सुचित्रा मांडीवर नारळाची पिशवी घेऊन बसली होती. अँटॉप हिलपासून इथपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती, आणि तिचं न बोलणं सहन करण्यापेक्षा वरळी नाक्याचा ट्रॅफिक बरा, असं त्याला वाटून गेलं होतं.

"उतरा," ती म्हणाली. "का ग्रुपवर विचारायचंय आधी?"

"मला काय माहीत एवढं होईल म्हणून? मी पार्टीला मारलं होतं."

"पार्टीला मारलंत, लागलं कुणाला?"

"दादाने व्हिडिओ काढलाच नसता तर?"

"तेच तर. तुमच्या घरात कुणाचंच चुकत नाही. चुकतं ते सरकारचं." तिने पिशवी उचलली. "आणि ऐका. आज मी मधे पडणार नाही. तुमच्या आईने वाढायचा डाव कौसल्याताईंच्या हातात दिला, माझ्या नाही. खानावळ त्यांची, त्या बघतील."

ते जुनं दुखणं होतं. रमाबाईंनी शेवटच्या दिवसांत मोठ्या सुनेला सोडून, धाकट्या सुनेला सोडून, मधल्या सुनेला जवळ बोलावलं होतं, ते सुचित्रा विसरली नव्हती. दीपकने चावी खिशात टाकली. सीएनजी उतरला तेव्हा गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने घरी मासे नेले होते. आठवडाभरात ॲपवाल्यांनी भाडं उतरवलं आणि होतं ते जागच्या जागी आलं. ते कुणाच्या नावाने लिहावं, हे त्याला कळलं नव्हतं. कदाचित म्हणूनच हाताशी आलेल्या पहिल्या व्हिडिओखाली त्याने तो राग टाइप केला असेल.

वर पोचल्यावर कौसल्येने त्याच्याकडे पाहिलं नाही. पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "दीपक, तो बाटला खाली बाबुरावांकडे नेऊन ठेव. आधी ते. मग पाणी पी."

"वयनी, मी..."

"जड आहे. कठडा धरून उतर."

त्याने बाटला खांद्यावर घेतला. लाकडी जिना त्याच्या पायाखाली कण्हत होता. मधल्या मजल्यावरच्या बायका दारात आल्या, बाटला पाहिला, दीपकला पाहिलं आणि आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबुराव बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. "जय भीम," दीपक म्हणाला. म्हाताऱ्याने चष्म्यावरून बाटल्याकडे बघितलं.

"हा माझ्याकडे का?"

"तपासणी आहे, बाबुराव. कुणी विचारलं तर हा इथंच होता म्हणायचं. वापरता म्हणायचं."

"वापरतो?" बाबुरावांनी पेपर घडी केला. "अरे, माझी शेगडी तर बायको गेली तेव्हाच गेली. मी लेकीला देऊन टाकली. मला चहापुरती शेगडीसुद्धा पेटवता येत नाही, माहितीय ना तुला?"

दीपकने मान हलवली. बाटला कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी खुर्चीच्या बाजूला, पाहुण्यासारखा ठेवला.

* * *

आनंदा लालबागवरून आले ते जिना चढतानाच बोलत आले. पांढरा सदरा, खिशात दोन फोन. त्यांची बायको गावी होती, त्यामुळे ते एकटेच.

"खय असा तो? पुढारी खय असा?"

"समोरच बसलाय, मोठे काका," आकांक्षा म्हणाली. "चपला बाहेर काढा."

चपला काढून आनंदा भिंतीला टेकून बसले. दीपक समोरच्या भिंतीला. मधे केळीची पानं पुसून ठेवलेली.

"तुया तो व्हिडिओ कित्या टाकलंस?"

"आणि तू काढलास कशाला?"

"गॅस उतरलो, लोकांका सांगूक नको?"

"सांग ना. पण आधी सांग, चारशेचा बाटला अकराशेला नेला कोणी? चढवताना कुठे होते तुझे लोक? तेव्हा नाही आला काठी घेऊन. इलेक्शन दिसायला लागलं की दोनशे उतरवायचे आणि पेढे वाटायचे."

"आणि तुझे आताचे मैतर खुर्चीर होते तेवा बाटलो मिळत तरी होतो? नंबर लावून म्हयनोभर आवस वाट बघी. विसारलंस?"

"आईला मधे आणू नको."

"मधी तू कौसल्येक हाडलंस मा? माझ्या पक्षाक मारूक गेलंस आणि घरच्या चुलीत पाणी वतलंस. तुका फोटूत वयनी दिसली नाय?"

दीपकने पुढ्यातल्या केळीच्या पानाची कड सरळ केली. म्हणाला, "दिसली. रोज दिसते म्हणून दिसली नाही. मला तुझा पक्षच दिसला."

वाटाण्याच्या सांबाऱ्यात खोबऱ्याचं वाटप पडलं आणि कुकरची शिट्टी झाली. दोघंही थांबले, जणू तिसऱ्याच कुणाचं म्हणणं ऐकायला हवं होतं. सुचित्रा नारळ खवत होती. तिने न बघता म्हटलं, "मोठे भावजी, यांचं चुकलंच. पण तुम्ही तरी घरात कॅमेरा आणण्याआधी एक नजर मागे टाकायची."

"आता तूसुद्धा?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. मी आज नारळाच्या बाजूने आहे."

आकांक्षाला हसू आलं आणि ते तिने गिळलं. आनंदांनी एक फोन काढला. आवाज खाली आला, शहाणा झाला.

"हे बघ कौसल्या. साहेबांच्या कानार घातलंय मी. ते वर बोलतले. फकत तुया एक छोटोसो व्हिडिओ करूचो. चार शब्द. म्हणायचा, बाटले शेजाऱ्यांचे, सत्यनारायणाक हाडलेले. विरोधकांनी माका बदनाम केल्यानी. बस."

"काही नको," दीपक सरसावला. "वयनी, ते प्रकरण वाढेल. त्यापेक्षा आमची पोरं येतात. दारात उभी राहतील. एका विधवा बाईची खानावळ बंद पाडतायत म्हटल्यावर तपासणीवाले जिना चढणार नाहीत. तू फक्त दारात उभी राहा आणि..."

"आणि कुणीतरी व्हिडिओ काढेल," आकांक्षा म्हणाली.

तिने दोघा काकांकडे आळीपाळीने पाहिलं.

"दोघांनाही आई पाहिजे. पण फोनमधली."

कौसल्या आतापर्यंत कढईत तेल ओतत होती. तेल जपून वापरावं लागत होतं, त्यामुळे तिला दोनदा थांबावं लागलं. मग कढई शेगडीवर चढवून ती वळली. डोळे कोरडे होते, ते पाहून दीपकला जास्त भीती वाटली.

"भावजी, मी बरं वाटतंय म्हटलं. तुम्ही ते गावभर दाखवलं. दीपक, तू मला न विचारता चोर म्हणालास. तुम्ही दोघांनी माझ्याच तोंडाने भांडण केलंत. आता या तोंडासमोर कुणी फोन धरायचा नाही." तिने ज्योत बारीक केली. "तपासणीवाले येतील. माझे दोन बाटले मी दाखवीन. दंड म्हणतील तो भरीन, कनेक्शन तोडतील तर तोडू देत. पण तिसऱ्याचं नाव या घरातून बाहेर जाणार नाही. एवढंच मला तुमच्याकडून पाहिजे. देता येत असेल तर द्या."

"आणि खानावळ?" आनंदांनी विचारलं.

"ते मला विचारू नका. मला माहीत असतं तर मी रात्री झोपले नसते?"

* * *

तपासणीवाल्या बाई आल्या तेव्हा पहिला घाणा तेलात होता.

बाई पन्नाशीच्या आतल्या, सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी. मागे एक माणूस वजनकाटा घेऊन आणि एजन्सीचा एक मुलगा फोनवर नावं बघणारा. दारातच मांडलेली पानं पाहून त्या थबकल्या.

"म्हाळ आहे का?"

"हो," कौसल्या म्हणाली. "या, बसा. जेवून जा म्हणायची रीत आहे. पण तुम्हाला चालणार नाही."

"नाही चालणार." त्या उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. कढईत वडे फुगत होते, एकेक करून वर येत होते. "चालू घाणा होऊ द्या. मग बंद करा."

घाणा झाला. कौसल्येने वडे निथळून ठेवले आणि रेग्युलेटरची कळ फिरवली. निळं फूल मिटलं. परातीत उरलेलं पीठ ओल्या फडक्याखाली तसंच राहिलं. माणसाने रेग्युलेटर काढला, बाटले तोलले, नंबर उतरवून घेतले. बाईंनी डब्यांची रांग बघितली, मोठे टोप बघितले आणि काही विचारलं नाही. मग त्यांनी आपल्या फोनवर व्हिडिओ लावला. कौसल्येने स्वतःचा आवाज ऐकला, बरं वाटतंय, आणि तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला.

"यात तीन दिसतात. तुमच्या नावावर दोन. तिसरा कुणाचा?"

घरात कुकरची वाफ सुटल्याचा आवाजही थांबला होता.

आनंदांच्या तोंडात शब्द आले होते. माझो, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण माझो म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिकडच्या ग्रुपवर फोटो, हातचं जाणारं विभागातलं पद, नगरसेवकाच्या येणाऱ्या निवडणुकीत आपलं नाव पुढे करू म्हणालेले साहेब. हे सगळं एका श्वासात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तो श्वास संपेपर्यंत उशीर झाला.

"माझा," दीपक म्हणाला.

"तुमचं नाव?"

त्याने सांगितलं. एजन्सीच्या मुलाने फोनवर शोधलं. पुन्हा शोधलं. "मॅडम, या नावाने कनेक्शनच नाही."

"मग खोटं का बोलता?" बाईंचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "मी नीट विचारतेय. खोटं सांगून कुणाला वाचवताय ते मला शोधावं लागेल. खालच्या-वरच्या सगळ्या खोल्या बघाव्या लागतील."

दीपकचा चेहरा उतरला. आपल्या घरातला गॅस बायकोच्या नावावर आहे, हे तो साफ विसरला होता. नोंदणीच्या रांगेत सुचित्रा उभी होती, तो टॅक्सीवर होता.

सुचित्राच्या हातात खवणी होती. तिने मधे पडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती ठरवलेलं मोडणारी बाई नव्हती. तिला अँटॉप हिलचा आपला ओटा दिसला, सकाळी पोरांच्या डब्याची घाई दिसली, रात्री उशिरा येणाऱ्या नवऱ्यासाठी झाकून ठेवलेली भाजी दिसली. या घराने तिच्या हातात डाव दिला नव्हता. आणि आता सगळे बाईंकडे बघत असताना तिचा नवरा लहान पोरासारखा खोटा पडून उभा होता.

"माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "यांनाच आठवत नाही. आमच्याकडे दोन आहेत, त्यातला एक ताईंना दिला होता. काल परत नेला. टॅक्सीतून." आणि तिने आपला नंबर सांगितला.

मुलाने फोनवर पाहिलं, मान हलवली. नंबर बरोबर होता.

बाई सुचित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग जिन्याकडे. खालून कुणाच्या तरी रेडिओचा बारीक आवाज येत होता.

"चौकशी होईपर्यंत तुमचंही कनेक्शन बंद राहील. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"सही करा."

दोन्ही बाटले जिन्यावरून खाली गेले. बाई उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या, कौसल्येला म्हणाल्या, "पानं वाढा. वेळ झालीय," आणि गेल्या.

* * *

"सुचित्रा," कौसल्या म्हणाली. "कशाला गो?"

"तुमच्यासाठी नाही, डोक्यात घेऊ नका." सुचित्राने पदराने कपाळ पुसलं. "हे सगळ्यांसमोर खोटे पडले, ते मला बघवलं नाही. आता उद्या पोरांच्या डब्याला काय करू, ते सांगा. ती तुमच्याकडची विद्या."

"इंडक्शन आणू," आकांक्षा म्हणाली.

"लाइटचं बिल कोण भरणार? तुझे काका की तुझे मोठे काका?"

कुणी हसलं नाही, पण घरातली हवा जरा हलली. कौसल्येने पानं वाढली. प्रत्येकाला एकेक वडा आला. पूर्वजांच्या पानावर तेवढे दोन ठेवले. खीर, सांबारं, भात. मग आनंदा उठले, टोपी घातली, हातात पाण्याची वाटी घेतली. पूर्वजांना गाऱ्हाणं घालायचं काम थोरल्याचं. वडील गेल्यापासून दरवर्षी ते घालत आले होते, आणि त्यांचा आवाज अशा वेळी चाळीच्या चारी गॅलऱ्यांत ऐकू जायचा.

"बा माझ्या मूळपुरुसा, कुळीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज म्हाळाच्या दिसा तुझी लेकरां हयसर जमली हत. गोडधोड जा काय जमला, ता तुझ्या पानार वाढला हा. ता मान्य करून घे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"खाणाऱ्याचा पोट आणि रांधणाऱ्याचो हात सांभाळ, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या घराच्या चुलीचा ज्या कोणी वायट केला असात..."

ते थांबले.

दरवर्षी या ओळीला त्यांच्या आवाजाला धार चढायची. कधी गिरणीमालक मनात असायचे, कधी चाळीचा मालक, कधी सरकार, जे त्या वर्षी ज्याचं असेल ते. त्याची फळां त्याका दी, म्हाराजा, असं म्हटलं की सगळं घर एका घशाने व्हय म्हणायचं आणि जेवणाला चव यायची. आता वाटीतलं पाणी हललं. समोर दीपक मान खाली घालून बसला होता, व्हय म्हणायला ओठ उघडून. तो म्हणालाही असता. आपल्याच फळांना व्हय म्हणाला असता. आनंदांना ते आणि त्यांचं स्वतःचं फळ एकदमच दिसलं.

"पुढे बोला, भावजी," कौसल्या हळूच म्हणाली. "वडे निवतायत."

"...ज्या कोणी वायट केला असात," आनंदांचा आवाज खाली आला, खोलीच्या बाहेर गेला नाही, "तो भायरचो नाय, म्हाराजा. तो ह्याच पंगतीत बसलो हा. एक नाय, दोघे हत."

मग दीपक म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्यामागे आकांक्षा. त्यामागे, जरा वेळाने, सुचित्रा.

कौसल्या म्हणाली नाही. ती शेगडीमागे ठेवलेला डबा उचलत होती. बाबुराव बौद्ध, म्हाळाचं पान घेत नसत. त्यांचा डबा दरवर्षी पानं वाढण्याआधी बाजूला निघायचा, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"भावजी, जेवण्याआधी एवढा खाली देऊन या. त्यांची वेळ टळलीय."

"मी?"

"तुम्ही."

आनंदा डबा घेऊन जिना उतरले. बाबुरावांच्या दारात पोचले तेव्हा म्हातारा खुर्चीवरच होता आणि शेजारी तो लाल बाटला. बाबुरावांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं.

"गेले का ते?"

"गेले."

"माझं नाव?"

"नाय इला."

बाबुरावांनी मान डोलावली. मग झाकणावरून बोट फिरवत म्हणाले, "आनंदराव, रात्रीचं ठीक आहे. यातलंच पुरवीन. पण उद्याचं काय?"

आजवर या गल्लीत, त्या गल्लीत, पाणी न येणाऱ्या मजल्यांवर आणि गळणाऱ्या संडासांपुढे आनंदा सांगत आले होते, होऊन जाईल, मी बसलोय ना. तेच शब्द आताही जिभेवर आले. ते त्यांनी तिथंच ठेवले. खाली बसले, गुडघा जमिनीला टेकला आणि म्हणाले, "शेगडी आणून देतंय मी संध्याकाळी. तुमका दाखवतंय कसा लावूचा ता. बघा, आधी ह्या..."

त्यांचा हात बाटल्याच्या टोपणावर गेला. टोपण दोऱ्याने बांधलेलं होतं. ते काढायचं कसं, त्याखाली काय असतं, कळ कुठल्या बाजूला फिरवायची. सात दिवस ते या बाटल्याबद्दल चौकाचौकात बोलले होते. घरी कधी एकदाही त्यांनी तो लावला नव्हता.

"काय झालं?" बाबुराव खुर्चीतून वाकले.

वरून कौसल्येची हाक आली, पान वाढलंय म्हणून. आनंदा उठले नाहीत. टोपणावर हात तसाच ठेवून म्हणाले, "दोघांकाय शिकूचा लागताला, बाबुराव. कौसल्येकच बोलावतंय."